पडायच्या आधी एकदा : मांगर, गोठे, खळी आणि कॅमेरा

वाटेवरचा_चिरा
११ जानेवारी, रात्री १०:२०

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात लहानपणी मी सतरा मांगर मोजले होते. मोजले म्हणजे लपाछपीत कुठे कुठे दडी मारता येते याची यादी केली होती. परवा गेलो तर उभे पाच. दोघांवर निळी ताडपत्री, एकावर सिमेंटचे पत्रे, एकाला कुलूप (मालक मुंबईत, किल्ली कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही) आणि पाचवा आमच्या अण्णाकाकांचा. तो एकटाच अजून मांगर म्हणून वापरात आहे.

घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो, मांगर म्हणजे नुसता गोठा नव्हे. घरापासून थोडा लांब, शेताच्या कडेला नाहीतर कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, असतो. एका अंगाला गुरांची दावण, दुसऱ्या अंगाला नांगर-जू-गुटे, वर बांबूचा माच आणि माचावर वर्षभराचं गवत. पुढ्यात सारवलेलं खळं. सुगीत माणसं तिथेच निजायची, तीन चिऱ्यांच्या चुलीवर पेज व्हायची. काहींच्या भिंती चिऱ्याच्या, काहींच्या कारवीच्या कुडाच्या, शेणामातीनं लिंपलेल्या.

का गेले ते उघड आहे. जोत विकलं, पॉवर टिलर आला. गवत कापायला माणूस मिळत नाही. दरवर्षीची शाकारणी किंवा कौलं परतणं म्हणजे चार माणसांचं चार दिवसांचं काम, आणि ती चार माणसं आता गोव्यात कामाला जातात. मे २०२१ च्या तौक्ते वादळात ज्यांची कौलं उडाली त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती परत घातलीच नाहीत. एकदा पाणी आत शिरलं की मातीची भिंत दोन पावसाळे काढते, तिसरा नाही.

तर मी ठरवलं की निदान फोटो काढून ठेवायचे. सकाळी सात ते नऊ अण्णाकाकांच्या मांगराभोवती फिरलो. काका म्हणाले, "अरे, पडाक इलेल्या मांगराचो फोटो काढून काय करतलंस? घराचो काढ." काकी तर दारात येऊन उभीच राहिली. "नको रे. लोक म्हणतले, हेंका मांगर शाकारूक जमाक नाय."

तरी काढले. थोडे इथे टाकतोय.

[फोटो १ : पूर्वेकडून, धुक्यात]
[फोटो २ : माचाखालून वर, कौलांच्या फटींतून येणारे कवडसे]
[फोटो ३ : आतली भिंत, पोपडे आणि रेघा. टेक्स्चर फार सुंदर आहे.]
[फोटो ४ : उतरवून ठेवलेलं एक कौल. त्यावर साल आहे १८६५! म्हणजे हा मांगर दीडशे वर्षांहून जुना.]

आता प्रश्न. आत काळोख आणि दारात लख्ख ऊन, हे एका फोटोत कसं बसवायचं? माझ्याकडे साधा डीएसएलआर, १८-५५ची लेन्स आणि फोन आहे. दुसरं, हे फोटो ठेवायचे कुठे, म्हणजे माझ्या हार्ड डिस्कबरोबर तेही जाणार नाहीत? आणि तुमच्याकडे अशा वास्तूंना काय म्हणतात, किती उरल्यात?

---

आजीचा_कंदील
११ जानेवारी, रात्री १०:५१

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे. फोटो ३ दिसत नाहीये.

---

तिरकस
११ जानेवारी, रात्री ११:३४

गुरांच्या मुताचा वास फोटोत येत नाही म्हणून हे सगळं छान वाटतं. बारा वर्षं मी रोज पहाटे गोठ्यातलं शेण काढलंय. पत्र्याचा, सिमेंट कोब्याचा नवा गोठा बांधला त्या दिवशी आमच्या आईनं गूळ वाटला होता. असो. पुण्याहून येऊन कवडसे टिपा खुशाल.

---

वाटेवरचा_चिरा
१२ जानेवारी, सकाळी ७:०५

@तिरकस, मान्य. पुण्याचं कसं कळलं?

---

तिरकस
१२ जानेवारी, सकाळी ७:४०

'टेक्स्चर'वरून.

---

सुताराचा_नातू
१२ जानेवारी, दुपारी १:१५

चिरासाहेब, आधी त्या कौलाचं बघू. १८६५ हे मांगराचं साल नाही आणि त्या कौलाचंही नाही. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते हे साल. छाप म्हणून ते पुढे कित्येक दशकं कौलांवर उमटत राहिलं. तुम्हाला 'अल्बुकर्क अँड सन्स १८६८' अशीही कौलं सापडतील, तिथेही तेच, कारखान्याच्या स्थापनेचं साल. कोकणातले निम्मे लोक या दोन सालांवरून आपापल्या घराचं वय सांगतात. कौल फार तर एवढंच सांगतं की हे छप्पर त्या सालानंतरचं आहे. शिवाय कौलं एका घरावरून दुसऱ्या घरावर जातात. आमच्या आजोळच्या छपरावर चार कारखान्यांची कौलं होती.

वय बघायचं तर लाकडाकडे बघा. वाशांवर आज कशाच्याच उपयोगाच्या नसलेल्या खाचा किंवा भोकं दिसतात का? दिसली तर ते लाकूड आधी दुसरीकडे होतं, किंवा छप्पर आधी वेगळं होतं. गवताच्या छपराला उतार जास्त लागतो, मंगळुरी कौलाला त्या मानानं कमी चालतो. एखाद्या भिंतीच्या त्रिकोणात जुन्या उताराची रेघ राहिलेली असते. माझे आजोबा अशा रेघेवर बोट ठेवून सांगायचे, "इथपर्यंत गवत होतं."

फोटो काढताना सांधे सोडू नका. मेढीच्या, म्हणजे मधल्या खांबाच्या बेचक्यात आढं, छपराच्या माथ्याचं लाकूड, कसं बसवलंय, तुळईला खांब कुठे मिळतो, खुंटी लाकडाची की लोखंडी खिळा. लाकूड कुठलं तेही विचारून घ्या, ऐन, किंजळ की फणस. तुमच्या चार फोटोंत एकही सांधा नाही. धुकं मात्र आहे.

---

छिद्रमान
१२ जानेवारी, रात्री ९:०२

आतल्या फोटोंबद्दल. फ्लॅश विसरा. फ्लॅशनं मातीची भिंत पुठ्ठ्यासारखी दिसते आणि वरचं छप्पर काळंच राहतं.

ट्रायपॉड लावा, नसेल तर जात्यावर, उखळावर, कशावरही कॅमेरा टेकवा. आयएसओ १००, एफ ८, आणि एकाच चौकटीचे तीन फोटो. एक दारातल्या उजेडाला धरून, एक मधला, एक काळोखाला धरून, दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं, म्हणजे दर वेळी चौपट उजेड. नंतर ते जोडता येतात. याहून सोपा उपाय म्हणजे दार लोटून घ्या! कौलांच्या फटींतून येणारा उजेड डोळ्यांना कमी वाटतो, पण आठ-दहा सेकंद शटर उघडं ठेवलंत की आतलं सगळं दिसतं, अगदी माचावरच्या गवताची काडी न् काडी. ढगाळ दिवस असेल तर आणखी बरं. तुमचे कवडसे जातील, पण त्या कवडशांमुळेच बाकी मांगर काळा झाला होता.

ताडपत्रीखालचे फोटो निळे येतील. कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स तिथे फसतं. एक पांढरा कागद चौकटीत धरून पहिला फोटो घ्या, मग तो काढा.

१८ मिलिमीटरवर अगदी कोपऱ्यात घुसून काढू नका, खांब वाकडे दिसतात आणि वीस वर्षांनी बघणारा म्हणेल की मांगर कललेला होता. मागे सरका, पंचवीस-तीसवर या, कॅमेरा जमिनीशी समतल ठेवा. चारही बाजू समोरून, मग चारही कोपरे. प्रत्येक फोटोत मोजमापाला काहीतरी हवं. मी मीटरभर काठीवर दर दहा सेंटिमीटरला काळे-पांढरे पट्टे रंगवून घेतलेत. ती काठी सापालाही उपयोगी पडते.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्यानं १९५९ पासून पुढे काही दशकं खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, लाकडी चौकटीची घरं असंच सगळं टिपलं. ढगाळ आकाश, समोरून, प्रत्येक वेळी तीच मांडणी. पहिला फोटो रटाळ वाटतो, पण नऊ ओळीनं लावले की डोळे हलत नाहीत. तुमच्या गावात पाच उरलेत, पाचांचे तसे काढून बघा.

---

मालवणी_तिरफळ
१३ जानेवारी, सकाळी ८:२०

साप म्हटल्यावर राहवलं नाही. गवतात फुरसं असतं, आणि ते गवताच्याच रंगाचं असतं. चपला घालून माचावर चढू नका, बूट घाला. आधी काठी आपटा आणि थांबा. माचाच्या बांबूवर वजन टाकण्याआधी खालून दाबून बघा, वाळवीनं आतून भुसा केलेला असतो आणि वरून बांबू शाबूत दिसतो. आमच्या एका पाहुण्यानं सेल्फीसाठी माचावर पाय दिला आणि थेट गव्हाणीत उतरला. म्हैस नव्हती म्हणून वाचला.

---

कुटार
१३ जानेवारी, दुपारी ३:४४

आमच्या यवतमाळकडे याले कोठा म्हणतात. कौलाले कवेलू. पावसाळ्याआधी कवेलू फेरणं हे जावयापासून सगळ्यांचं काम. भिंती पऱ्हाटीच्या नाहीतर तुराटीच्या कुडाच्या, म्हणजे शेतात जे पिकलं त्याचंच उरलेलं भिंतीत. कापूस घरात, पऱ्हाटी भिंतीत. कोठ्यात एका बाजूला कुटाराचा, म्हणजे मळणीच्या भुशाचा ढीग असायचा, त्यात आम्ही कच्ची सीताफळं पिकायला ठेवायचो.

आता बंडी गेली, बैल गेले, सोयाबीन मशीनमधून निघतं. कोठ्यात मोटारसायकल, फवारणीचे पंप आणि खताची पोती. पण कोठा म्हणूनच उभा आहे. त्याचेही फोटो काढा म्हणतो मी. रिकामा कोठा तेवढा 'जुना', आणि मोटारसायकलवाला नाही, असं कुठं असते काय?

---

पांढरीमाती
१४ जानेवारी, रात्री १२:१०

लातूर जिल्ह्यातला आहे. हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं.

आमच्याकडे माळवद. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या, त्यावर फूटभर किंवा जास्तच पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा असा की दुपारी पांघरूण घ्यावं. जनावरं ढाळजेच्या बाजूला, आणि भिंतीतच धान्याचं बळद. वरून ज्वारी ओतायची, खालच्या भोकातून काढायची, भोकाला चिंध्यांचा बोळा. लहानपणी बोळा ओढून पळून जाणं हा आमचा सगळ्यात मोठा गुन्हा होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात ह्याच भिंती आणि हीच माती अंगावर आली. मी सात वर्षांचा होतो. जास्त लिहीत नाही. त्यानंतर आमच्याकडे जे माळवद उभं राहिलं होतं तेही लोकांनी उतरवलं, खालची माणसं झोपेनात म्हणून. फॅशन नव्हती ती. त्यामुळे कुणी 'जुनी घरं पाडून लोक सिमेंटच्या मागे लागले' असं लिहिलं की मी गप्प बसतो.

पण फोटोबद्दल सांगायचं तर, आमच्या घराचा एकच फोटो आहे. चुलत्याच्या लग्नातला. वरात समोर आहे आणि मागे दिंडी दरवाजाची अर्धी चौकट आलीय. तेवढीच. घर कुणी मुद्दाम काढलेलं नाही. कोण काढणार, घर काय पळून जाणार होतं?

---

वाटेवरचा_चिरा
१४ जानेवारी, सकाळी ६:५०

@पांढरीमाती, लिहिलंत हे फार बरं केलंत. 'का गेले ते उघड आहे' असं मी वर सरळ लिहून टाकलं, ते आता खटकतंय.

---

कृष्णाकाठी
१४ जानेवारी, संध्याकाळी ६:३०

जमिनीवरच्यांचं झालं, आता जमिनीखालचं. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाशी हळदीची पेवं आहेत. होती म्हणावं, की आहेत म्हणावं? वर माणूस जेमतेम आत जाईल एवढं तोंड, खाली पोट मोठं. तिथली माती घट्ट, ओल धरत नाही, त्यामुळे त्यात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. सांगलीचा हळदीचा बाजार ह्या पेवांच्या जिवावर वाढला. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद गेली आणि बरीच पेवं कायमची बिघडली. मग गोदामं आणि शीतगृहं आली. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर पेवात हळद भरणारे थोडेच उरले होते.

पेवाचा फोटो काढायचा म्हणजे पंचाईतच. वरून बघितलं तर दिसतो फक्त दगड आणि माती. मी गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या हमालांना विचारलं की आत उतरू का. ते म्हणाले, "आधी कंदील उतरव." बंद पेवात हवा मरते. तोंड उघडून बराच वेळ ठेवायचं, कंदील सोडायचा, तो विझला तर माणूस उतरत नाही. मी उतरलो नाही. त्यांचाच फोटो काढला, हातवारे करत पेवाचा आकार दाखवतानाचा. आठ फोटो आहेत, आठांत मिळून पेव बरोबर कळतं.

कुणीही फोटोसाठी जुन्या पेवात, विहिरीत, तळघरात एकट्यानं उतरू नका. कंदील विझतो तिथे बेशुद्ध पडायला वेळ लागत नाही आणि काढायला गेलेलाही आतच राहतो.

---

आजीचा_कंदील
१४ जानेवारी, संध्याकाळी ७:१२

माझं नाव घेतल्यासारखं वाटलं. :)
कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या ग्रामजीवन संग्रहालयात हे सगळं आहे की. बलुतेदार, खळं, मळणी, गोठा. मुलांना दाखवायला उत्तम.

---

तिरकस
१४ जानेवारी, संध्याकाळी ७:५५

आहे ना. फक्त तिथले बैल शेण टाकत नाहीत. सुखी गोठा.

---

ओहायोत_पावसाळा
१६ जानेवारी, पहाटे ४:१८

मूळचा चिपळूणचा, गेली एकोणीस वर्षं अमेरिकेत ओहायोत. इथे हे प्रकरण फार जुनं आहे म्हणून लिहितो. १९३३ च्या मंदीत सरकारनं बेकार वास्तुविशारदांना आणि छायाचित्रकारांना पगार देऊन जुन्या इमारतींची नोंद करायला लावली. त्यात चर्च, बंगले होतेच, पण शेतावरची बार्न, म्हणजे गोठा आणि कोठार एकत्र असलेल्या मोठ्या इमारती, तीही होती. फोटो, मोजून काढलेले नकाशे आणि लिखित माहिती, असं तिन्ही एकत्र. ते आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. २००७ च्या कृषिगणनेत त्यांनी शेतकऱ्यांना एक प्रश्न घातला, तुमच्याकडे १९६० पूर्वीचं बार्न आहे का? साडेसहा लाखांहून जास्त शेतांवरून 'हो' आलं. आपल्या पशुगणनेत गुरं मोजतात, गोठे मोजल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आमच्या भागात बार्नच्या भिंतींवर 'मेल पाउच' तंबाखूची जाहिरात रंगवलेली असायची. कंपनी बदल्यात बार्न फुकट रंगवून द्यायची. शेतकऱ्याला हवा होता रंग, त्यामुळे लाकूड टिकलं. आज लोक गाड्या थांबवून फोटो काढतात ते त्या जाहिरातीचे. आपल्याकडे सिमेंटच्या आणि बियाण्यांच्या कंपन्या घरांच्या भिंती रंगवतात त्याचे कुणी काढतंय का? काढायला हवेत.

दुसरी बाजू. इथल्या जुन्या बार्नचं लाकूड आता कॅफेच्या भिंतींना लावायला चढ्या भावानं विकलं जातं. रस्त्यावरून फोटो काढणाऱ्यांमागून फळ्या विकत घेणारे येतात, कधी न विचारता नेणारेही. बार्नचा ठावठिकाणा उघडपणे देऊ नका.

---

मालवणी_तिरफळ
१६ जानेवारी, सकाळी ९:३०

हे आमच्याकडे झालंय. दोन वर्षांपूर्वी मी मामाच्या वाड्याचे फोटो फेसबुकवर टाकले, कोरीव खांब, नक्षीची पाटई, गावाच्या नावासकट. महिन्याभरात जुन्या लाकडाचा एक व्यापारी दारात. चार खांब आणि एक दरवाजा घेऊन गेला. मला फार वाईट वाटलं, पण मामाचं म्हणणं असं की त्या पैशात पुढची पडवी तरी वाचली, नाहीतर चारही खांब वाळवीनं फुकट खाल्ले असते. मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

---

छिद्रमान
१६ जानेवारी, रात्री १०:१५

ठेवायचे कुठे हा प्रश्न राहिलाच होता. तीन प्रती करा, त्यातली एक घराबाहेर. मूळ फोटो, म्हणजे रॉ किंवा न कापलेला जेपीजी, वेगळा ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मूळ धरू नका, त्यात आकारही घटतो आणि आतली तारीखही जाते. फाइलचं नाव गाव, वास्तू, तारीख, बाजू असं. 'मांगर नवीन फायनल २' असं नको.

विकिमीडिया कॉमन्सवर चढवता येतात, पण तिथला परवाना नीट वाचा. तुमचं नाव देऊन कुणीही, अगदी विक्रीसाठीही, तो फोटो वापरू शकतो. म्हणून मालकाला आधी समजावून सांगा. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप जातात, ते स्वतःच्या प्रतीत राहू द्या, जगासमोरच्या प्रतीतून काढा. आणि गंमत नाही, पण कागदावर छापूनही ठेवा. माझ्या २००४ च्या सीड्या आज उघडत नाहीत, आजोबांच्या लग्नाचा फोटो मात्र दिसतो.

---

वाटेवरचा_चिरा
२३ फेब्रुवारी, रात्री ११:४०

महिन्यानं लिहितोय. परत जाऊन आलो, यावेळी चार दिवस, पट्ट्यांची काठी घेऊन. सुताराच्या नातवांनी सांगितलेले सांधे काढले, छिद्रमान यांच्या सांगण्याप्रमाणे दार लोटून काढले (आठ सेकंद! काय काय दिसतं!). लाकूड ऐनाचं आहे, आढं तेवढं फणसाचं. वाशांवर रिकामी भोकं सापडली, म्हणजे ते आधी कुठल्यातरी दुसऱ्या छपरात होते.

पण सांगायचं ते वेगळंच. संध्याकाळी पडवीत लॅपटॉप उघडून काका-काकींना आधीचे फोटो दाखवत होतो. फोटो १ वर काका काही बोलले नाहीत. फोटो २ वर म्हणाले, "ही कौलां परतूक व्हयी." फोटो ३ आला आणि म्हणाले, "थांब. हो हिशोब आसा. माझ्या बापाशीचो."

ज्याला मी टेक्स्चर म्हटलं होतं, त्या पोपड्यांमधल्या रेघा म्हणजे चुन्यात बुडवलेल्या बोटाच्या खुणा. दर रेघ म्हणजे भाताची एक मुडी. वरच्या रांगा घरच्या. खाली जराशा वेगळ्या, आखूड रेघा आहेत, त्या लावणी-कापणीला येणाऱ्या बायकांना भातात दिलेल्या मजुरीच्या. अमक्या वाडीतल्या इतक्या, तमक्या वाडीतल्या इतक्या. काका एकेक रेघ बोटानं स्क्रीनवर दाखवत होते. एका जागी रेघा मध्येच थांबतात. ते वर्ष कुठलं विचारलं तर म्हणाले, त्या वर्षी करपा पडला. साल आठवत नाही, पण मोठी आतया त्या वर्षी लग्नाची होती आणि लग्न पुढे ढकललं.

तिसऱ्या खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर खोल खाच आहे, मला ती सुतारकाम वाटली होती. ती 'पाखऱ्या' बैलाच्या दाव्यानं झिजलेली आहे. दार इतकं बुटकं का, हेही विचारलं. आपली गुरंच बुटकी. 'कोकण कपिला' म्हणून आता नोंदली गेलेली जात हीच. जर्सी आणली असती तर दार फोडावं लागलं असतं.

मजा अशी की काकांना माहिती आहे ती वरच्या अर्ध्याची. छप्पर, माच, लाकूड, गवताचे भारे. खालच्या अर्ध्यावर काकी बोलल्या. जमीन कुठल्या मातीनं चोपली, वासराला आईपासून वेगळं कुठे बांधायचं, मूत वाहून जायला उतार कसा काढलाय आणि तो थेट माडाच्या आळ्यात कसा जातो, व्यालेल्या गाईसाठी दिवा कोणत्या कोनाड्यात. चाळीस वर्षं शेण त्यांनी काढलंय. @तिरकस, तुमची आठवण आली.

भात साठवायच्या बांबूच्या कणगीबद्दल विचारलं तर दोघांनीही बुरूड आळीचं नाव घेतलं, तिथे आता एकच म्हातारी विणते, तीही फुलांच्या परड्या. पुढच्या खेपेला तिच्याकडे जायचंय.

सगळं फोनवर रेकॉर्ड केलंय, पावणेतीन तास. मध्ये कोंबडा फार ओरडलाय.

---

तिरकस
२४ फेब्रुवारी, सकाळी ६:१५

ह्याला म्हणतात फोटो. मुताच्या उताराचा स्वतंत्र फोटो काढलात का?

---

वाटेवरचा_चिरा
२४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

काढलाय. काठी ठेवून. दर मीटरला दोन बोटं उतार.

---

पांढरीमाती
२४ फेब्रुवारी, रात्री ९:४५

वाचून आईला फोन लावला. आमचं जुनं घर कागदावर काढायला सांगितलं. तिनं काढलं, भाचीनं फोटो पाठवला. बळद तीन होती म्हणे, मला दोनच आठवत होती. तिसरं आजीच्या खोलीत, त्यात धान्य नसायचं. काय असायचं ते आई सांगत नाहीये.

---

सुताराचा_नातू
२५ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

रिकाम्या भोकांचे फोटो टाका, अंतरं मोजून. ती सारख्या अंतरावर असतील तर तिथे आधी बांबूच्या कामट्या बांधलेल्या असणार, म्हणजे गवताचं छप्पर. पाच मांगरांपैकी बाकी चारांचं काय झालं?

---

वाटेवरचा_चिरा
२५ फेब्रुवारी, रात्री १०:०५

तिघांचे बाहेरून झाले. कुलूपवाल्याची किल्ली अजून सापडलेली नाही. मालकांना मुंबईला फोन केला, ते म्हणाले किल्ली गावातच आहे.

---

वाटेवरचा_चिरा
२८ मे, रात्री ११:१०

अण्णाकाकांनी मांगर उतरवला. कौलं परतायला माणसं मिळाली नाहीत, दोन वासे मार्चमध्ये सुटले, आणि गाय आत असताना पावसात कोसळायला नको म्हणून. मला आठवडाभर आधी कळवलं, "तुका फोटो काढूचे आसत तर ये." गेलो.

उतरवतानाचे तीनशे चाळीस फोटो आहेत. सुताराच्या नातवांसाठी खूशखबर, सांधे सुटे होताना पूर्ण दिसतात, उभ्या मांगरात ते कधीच दिसले नसते. आढ्याच्या मेढीत लोखंड अजिबात नाही, सगळ्या खुंट्या लाकडाच्या. कौलं तीन कारखान्यांची निघाली. अकराशे शाबूत, ती घरामागे रचून ठेवलीत. ऐनाचे खांब काकांनी विकले नाहीत, नव्या गोठ्याच्या माळ्याला वापरणार आहेत. वर पत्रा.

हिशेबाची भिंत मातीची होती, ती काढता आली नाही. तिचे सरळ समोरून, भागाभागानं, एकावर एक अर्धे चढतील असे छप्पन्न फोटो घेतलेत. छिद्रमान, ते जोडायला मदत लागेल.

उतरवायला सुरुवात करायच्या आधी काका म्हणाले, आता सगळ्यांचा एक घे. काका, गाय, मी टायमर लावून धावत. काकींना हाक मारली तर त्या अर्धा तास आल्याच नाहीत. मग आल्या. फोटो ४१ मध्ये डावीकडून पहिल्या. नवी साडी नेसायला गेल्या होत्या.

[फोटो ४१]

---

आजीचा_कंदील
२८ मे, रात्री ११:३६

फोटो ४१ दिसत नाहीये. बाकीचे दिसतात.

---

वाटेवरचा_चिरा
२८ मे, रात्री ११:५२

आता बघा.